काटा हलत नाही? मीटर उघडण्याआधी केबल काढा: जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरची घरच्या घरी तपासणी

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत जुन्या गाड्या अजून बऱ्याच आहेत. कुठे वाड्याच्या अंगणात आजोबांच्या काळातली ॲम्बॅसॅडर, कुठे गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पद्मिनी, आणि जीप तर शेतावर आजही राबते. इंजिनकडे सगळ्यांचं लक्ष असतं, ब्रेक-क्लचही वेळच्या वेळी होतात. स्पीडोमीटर मात्र शून्यावर निजलेलं असतं आणि कुणाला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. तालुक्याच्या गॅरेजात विचारलंच, तर ठरलेलं उत्तर मिळतं: "मीटर कामातून गेलं भाऊ, दुसरं टाकून घ्या."

दुसरं म्हणजे बाजारात मिळेल ते. त्यासाठी गाडीची मूळ डायल जाते, आणि पुष्कळदा नवं मीटर बसवूनही काटा जागचा हलत नाही, कारण बिघाड मीटरमध्ये नसतोच. चाकापासून काट्यापर्यंतच्या साखळीत मीटर सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यात कमी वेळा बिघडतं. त्या मानाने केबल स्वस्त असते, तीच तुटते, सुकते, वाकते. म्हणून तपासणीची दिशा आधी ठरवून घ्या: खालून वर यायचं, आणि मीटरचं झाकण अगदी नाइलाज झाला तरच उघडायचं.

आतली यंत्रणा

गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट निघतो, तिथल्या शाफ्टवर एक वर्म गिअर, म्हणजे मळसूत्रासारख्या दात्यांचा गिअर, असतो. त्याच्या दात्यांत एक छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, बसलेलं असतं. जीपमध्ये ही जोडी ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या आउटपुट शाफ्टवर असते, त्यामुळे चिखलात लो गिअर टाकला तरी मीटर खोटं बोलत नाही. पिनियनच्या चौकोनी खाचेत केबलच्या आतल्या तारेचं, म्हणजे इनरचं, चौकोनी टोक बसतं. ही इनर पोलादी तारांचे थर एकावर एक उलटसुलट गुंडाळून केलेली असते. ती आउटरच्या, म्हणजे बाहेरच्या नळीच्या, आत फिरत फिरत डॅशबोर्डपर्यंत जाते आणि मीटरच्या मागे तसल्याच चौकोनी खाचेत शिरते.

मीटरमध्ये ही तार एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि वाटीच्या दांडीवर काटा. चुंबक वाटीला कुठेही शिवत नाही. तो फिरला की वाटीत विजेचे बारीक भोवरे तयार होतात आणि त्या भोवऱ्यांमुळे वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. तिला मागे खेचायला केसासारखी बारीक स्प्रिंग, म्हणजे हेअरस्प्रिंग, असते. ओढ आणि खेच जिथे सारखी होते तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झे या अभियंत्याने १९०२ साली बर्लिनमध्ये याचं पेटंट घेतलं, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं जगभरातल्या गाड्या याच युक्तीवर वेग दाखवत राहिल्या.

किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकाच्या भानगडीत पडत नाहीत. ते त्याच तारेवरून, पण दात्यांच्या चाकांनी थेट फिरतात. म्हणजे एकाच केबलवर दोन स्वतंत्र साक्षीदार बसलेत. काटा आणि आकडे काय सांगतात ते ताडून पाहिलं, की एकही नट न खोलता अर्धं निदान होतं.

साक्षीदारांची तपासणी

गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा आणि शेजारी बसलेल्याला मीटरवर लक्ष ठेवायला सांगा.

काटाही मेलेला आणि आकडेही थांबलेले, असं असेल तर फिरणं मीटरपर्यंत पोहोचतच नाही. केबल तुटली असेल, कुठल्या तरी टोकाचा नट सुटून ती निसटली असेल, किंवा गिअरबॉक्सचं पिनियन खाल्लं गेलं असेल. एक चौथी शक्यताही आहे: मीटरची दांडी जाम झाली आणि त्या जोराने केबल तुटली. ही शक्यता विसरू नका, कारण जाम मीटरला नवी केबल जोडली तर तीही त्याच दिवशी तुटेल.

आकडे व्यवस्थित पळतात पण काटा हलत नाही, तर केबल आणि पिनियन निर्दोष. दोष वाटीत, स्प्रिंगमध्ये किंवा काट्याच्या टेकूत. उलट काटा चालतो आणि आकडे थांबलेत, तर आकड्यांची दातेरी चाकं गेली. गाडी चालू असताना ट्रिप मीटर शून्यावर आणायची ज्यांना सवय आहे त्यांच्याकडे हा प्रकार हमखास घडतो. ती घुंडी गाडी उभी असतानाच फिरवायची असते.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती नाचणाऱ्या काट्याची. गाडी एका वेगाने चाललीय आणि काटा ३० ते ५० मध्ये झुलतोय. इथे शंभर टक्के संशय केबलवर घ्या. इनर सुकलेली किंवा कुठे तरी मुरडलेली असते. ती अडते, स्वतःभोवती पीळ खाते, मग एकदम सुटते. हा झटका चुंबकापर्यंत जातो आणि काटा नाचतो. वेग वाढल्यावर काटा स्थिर होत असेल तर निदान पक्कंच समजा. सोबत टकटक आवाज येत असेल तर इनर नक्की मुरडलीय. किंचाळल्यासारखा बारीक आवाज, विशेषतः डिसेंबरच्या गार सकाळी गाडी काढली की पहिली काही मिनिटं, म्हणजे जुनं ग्रीस घट्ट झालंय किंवा मीटरच्या बुशात (दांडी जिच्यात फिरते त्या कडीत) तेलाचा थेंबही उरलेला नाही.

गाडी बैलगाडीच्या चालीने जातेय आणि काटा थेट शंभरीपलीकडे, तर ग्रीस किंवा गिअर ऑइल मीटरमध्ये शिरलंय. चिकट तेल चुंबक आणि वाटीला एकमेकांना बांधून टाकतं, मग हेअरस्प्रिंगचं काही चालत नाही. काचेच्या आतून तेलकट धुकं दिसलं तर शंकाच नको.

आणि काटा न नाचता चालतो, आकडेही चालू, पण वेग कायम ठराविक प्रमाणात चुकतो? मग टायरकडे बघा. त्याबद्दल शेवटी.

खाली शिरण्याआधी

सपाट, टणक जागा निवडा. पावसाळ्यात काळ्या मातीवर जॅक लावणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. जॅक रुतला की गाडी कलते. वाड्यातली फरशी, सिमेंटचा ओटा किंवा खळ्याची ठोकून घट्ट केलेली जमीन चालेल. गाडी उचलल्यावर खाली स्टँड नाहीतर जाड सागवानी ठोकळे द्या. विटा अजिबात नकोत, त्या दाबाने एकदम फुटतात.

बॅटरीची जी वायर बॉडीला गेलेली असते ती काढून ठेवा. डॅशबोर्डच्या मागे हात घालताना केबलचा धातूचा नट एखाद्या उघड्या टर्मिनलला टेकला तर जुनं वायरिंग धूर काढतं. कापडी आवरणाच्या वायरींना चाळीस-पन्नास उन्हाळे झालेले असतात, त्यांचा भरवसा धरू नका. शेडमध्ये वर्ष-दोन वर्षं उभ्या असलेल्या गाडीत हात घालण्याआधी टॉर्च मारून बघा. उंदरांची घरटी, गांधीलमाशीचं पोळं, कधी विंचू. हे गमतीने लिहीत नाही.

एक नियम जीपवाल्यांसाठी आणि खरं तर सगळ्यांसाठी: मागचं चाक उचलून, इंजिन चालू करून, गिअर टाकून मीटर तपासायचं नाही. कुणी तरी हमखास हा सल्ला देतं. गाडी जॅकवरून पुढे उडी मारते. केबल फिरते की नाही हे बघायला दोन माणसांनी न्यूट्रलमध्ये गाडी ढकलली तरी पुरतं.

केबल वरून सोडवा, आणि ढकला

मीटरच्या मागे हात घालून केबलचा नट बोटांनी सैल करा. तो हातानेच फिरेल असा, कडेला खाचा असलेला असतो. अडला तर कापड गुंडाळून हलक्या हाताने पक्कड लावा, पण जोर करू नका; मीटरच्या मागची आट्यांची नळी पातळ धातूची असते, पिळली की गेली. हात पोहोचत नसेल तर मीटर पुढून थोडं बाहेर ओढावं लागेल. त्याआधी बल्बच्या वायरींचा मोबाईलने फोटो काढून ठेवा.

आता केबलचं सुटं टोक नीट दिसेल असं धरा आणि इनरच्या टोकावर चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा. दोघांना गाडी हळूहळू पुढे ढकलायला सांगा. झेंडा एकसारखा फिरला तर खालचं सगळं ठीक आहे. अडखळत, झटके देत फिरला तर इनर खराब. फिरलाच नाही तर इनर वरून ओढून बाहेर काढा. ती अर्धीच हातात आली तर तुटलीय, उरलेला तुकडा गिअरबॉक्सच्या बाजूने काढावा लागेल. अख्खी आली आणि दोन्ही टोकांचे चारही कोपरे धारदार आहेत, तर संशय पिनियनकडे सरकतो. कोपरे घासून टोक गोल झालं असेल तर ते खाचेत नुसतं घसरत होतं, दोष सापडला.

इनर अख्खी असली म्हणून चांगली आहे असं धरून चालू नका. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ती सरळ ठेवा आणि तळहाताने लाटा. चांगली तार सरळ घरंगळते, मुरडलेली एका जागी उड्या मारते. दुसरी कसोटी जास्त बोलकी आहे. दोन्ही टोकं दोन हातांत धरा, मधला भाग खाली झोळासारखा सोडा आणि उजवं टोक चिमटीत हळू फिरवा. डावं टोक त्याच संथपणे फिरायला हवं. ते थांबतं आणि मग टुणकन उडी घेतं, तर तुमच्या काट्याचा नाच तुमच्या बोटांत आला. अशी तार सरळ करत बसू नका, बदला. तारांचे पदर फुगून बाहेर आलेले दिसले तरीही बदला.

सफाई आणि ग्रीस

इथे घाई करणारे बहुतेक जण फसतात, म्हणून जरा सविस्तर.

तार चांगली निघाली तर डिझेलमध्ये भिजवून जुन्या ब्रशने घासा. आमच्याकडच्या धुळीत मिसळलेलं ग्रीस सुकून काळं, कडक पापुद्रे धरतं. ते निघेपर्यंत घासायचं. आउटर दोन्ही टोकांनी सोडवून टांगून ठेवा, वरून पिचकारीने डिझेल सोडा आणि खालून स्वच्छ येईपर्यंत सोडत राहा. नंतर पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून घ्या. आत डिझेल राहिलं तर नवं ग्रीस पातळ होतं. आउटर कुठे चेपलीय का, सायलेन्सरला टेकून भाजलीय का, उंदराने कुरतडलीय का, हेही याच वेळी बघून घ्या.

आता ग्रीस. हलकं लिथियम किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस घ्या. व्हील बेअरिंगचं जाड ग्रीस थंडीत तारेला धरून ठेवतं, आणि इंजिन ऑइल तर उन्हाळ्यात टिकतच नाही. दोन बोटांत थोडंसं घेऊन तारेवरून बोटं ओढा. तार चकाकली पाहिजे, गोळे दिसता कामा नयेत. वरची २० सेंटिमीटर, म्हणजे मीटरकडची सुमारे वीतभर लांबी, कोरडी ठेवा. तार आत सरकवल्यावर पुन्हा वीतभर बाहेर काढून फडक्याने पुसा आणि मग आत घाला.

एवढी खबरदारी कशाला? कारण इनरवरचे पदर मळसूत्रासारखे असतात. थ्रेशरमधला स्क्रू धान्य वर ढकलतो, तशी ही फिरती तार ग्रीस डॅशबोर्डकडे चढवते. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीत तर त्याहून जास्त, आणि ग्रीस पातळ होऊन वाट शोधतंच. "भरपूर ग्रीस मारून दिलं" असं ज्याने कौतुकाने सांगितलं, त्याच गाडीचा काटा महिन्याभरात शंभरीपलीकडे जाऊन बसतो.

पुन्हा बसवताना

आधी आउटर गिअरबॉक्सला जोडा, मग वरून इनर सोडा. तळाशी टेकल्यावर बोटांनी फिरवत दाबा. चौकोन खाचेत बसला की ती किंचित खाली उतरते आणि फिरवायला जड लागते. आता वरच्या टोकाला इनर आउटरच्या बाहेर किती राहिली ते मोजा. साधारण १ सेंटिमीटर हवी. फार कमी असेल तर मीटरच्या खाचेत पकड मिळणार नाही. जास्त असेल तर नट आवळताना तार मीटरच्या दांडीला दाबत राहील आणि थोड्याच दिवसांत आतलं बुश खाऊन टाकेल. बाजारातली दुसऱ्या मॉडेलची केबल "बसते की" म्हणून बसवली की हेच होतं.

दुकानात केबल मागताना नुसतं "ॲम्बॅसॅडरची द्या" म्हणू नका. जुनी १४८९ सीसीची, डिझेल, की इसुझू इंजिनची १८००, हे सांगा. इसुझूवालीचा पाच गिअरचा गिअरबॉक्सच वेगळा आहे. त्याहून उत्तम म्हणजे जुनी केबल पिशवीत घालून न्यायची आणि काउंटरवर दोन्ही शेजारी धरून लांबी, टोकाचा चौकोन आणि नटाचे आटे जुळवायचे. नागपूर-अमरावतीला जाऊन रिकाम्या हाताने परत येण्यापेक्षा हे बरं.

केबलच्या वाटेत वळण मोठं ठेवा. १५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण कुठेही नको, आणि मीटरमधून निघाल्याबरोबर निदान ५ सेंटिमीटर तरी ती सरळ हवी. इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यातून ती जिथे जाते तिथला रबरी बुश सुकून गळालेला असतो, तो नवा घाला. मीटरचा नट हातानेच आवळा, आणि आवळत असताना कुणाला तरी गाडी थोडी मागे-पुढे करायला सांगा म्हणजे चौकोन आपोआप खाचेत सरकेल.

गिअरबॉक्सची बाजू

झेंडा फिरला नाही आणि तार धडधाकट निघाली, तर खालचा नट काढून पिनियन बाहेर घ्या. थोडं गिअर ऑइल सांडेल, भांडं लावा. आजूबाजूचा चिखल आधी तारेच्या ब्रशने आणि डिझेलने काढलेला असावा, नाहीतर तो सरळ गिअरबॉक्समध्ये पडतो. पिनियनचे दाते एका बाजूने घासले असतील किंवा तुटले असतील तर तेवढ्याच दात्यांचं दुसरं हवं. एक दातही कमी-जास्त झाला तर काटा आणि आकडे दोन्ही कायमचे चुकतील. दाते मोजून कागदावर लिहून घ्या आणि नमुना सोबत न्या.

पिनियनच्या दांडीवर एक छोटं ऑइल सील असतं. केबल काढली तेव्हा ती तेलाने निथळत होती का? असेल तर हे सील गेलंय आणि गिअर ऑइल केबलमधून वर चढतंय. मीटर साफ करायच्या आधी हे सील बदला. नाहीतर मीटर दुरुस्त करून आणाल आणि पुन्हा तेच.

संशय मीटरवरच आला, तर

आधी बाहेरूनच तपासा. तुटलेल्या जुन्या इनरचा वीतभर तुकडा, एका टोकाला शाबूत चौकोन असलेला, जपून ठेवा. तो मीटरच्या खाचेत घालून बोटांनी फिरवा. दांडी सहज फिरली पाहिजे आणि एका दिशेला फिरवल्यावर काटा किंचित उठला पाहिजे. ती दिशा लक्षात ठेवा. दांडी अडत असेल तर तिथेच थांबा. सहज फिरत असेल तर तुकड्याचं दुसरं टोक बॅटरीवरच्या ड्रिलमध्ये धरा आणि त्याच दिशेने, कमी वेगापासून फिरवा. उलटं फिरवलं तर काटा शून्याच्या खिळीवर आपटत राहतो.

काटा किती दाखवायला हवा? पुष्कळ डायलवर तळाशी बारीक अक्षरात एक आकडा असतो: एक मैल किंवा एक किलोमीटर जायला केबलचे किती फेरे. काही जर्मन पद्धतीच्या डायलवर तो डब्ल्यू या अक्षरापुढे असतो आणि दर एक मीटर अंतराला किती फेरे ते सांगतो. डब्ल्यू १ म्हणजे किलोमीटरला १००० फेरे. हिशोब सोपा आहे. मिनिटाचे फेरे गुणिले ६०, भागिले तो आकडा. किलोमीटरला १००० फेऱ्यांचं मीटर असेल आणि ड्रिल मिनिटाला १००० फेरे फिरत असेल, तर काटा ६० वर यायला हवा.

ड्रिलवर काटा स्थिर आणि बरोबर असेल तर मीटर सोडून द्या, दोष इतरत्रच आहे.

मीटरची दांडी जड असेल किंवा किंचाळत असेल, तर केबल जिथे शिरते तिथल्या बुशात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, फक्त एक, सुईच्या टोकाने सोडा. मीटर उलटं ठेवून तासभर मुरू द्या, मग जास्तीचं तेल टिपून घ्या. गंज काढायचा स्प्रे मीटरमध्ये मारायचा मोह टाळा. तो हेअरस्प्रिंगच्या वेढ्यांना एकमेकांना चिकटवतो आणि डायलवरचे आकडे पुसतो.

झाकण उघडायचंच ठरवलं, तर पुढची कडी पत्र्याच्या जिभांनी दुमडलेली असते. प्रत्येक जीभ थोडी थोडी उचलत पूर्ण गोल फिरा, एकच जीभ ताणली तर तुटते. काटा ओढून काढू नका. पुष्कळ मीटरमध्ये तो शून्याच्या खिळीवर थोडा ताण देऊन टेकवलेला असतो, तो ताण गेला की सगळं मोजमाप गेलं.

आत वाटी आणि चुंबकाच्या फटीत बघा. पश्चिम विदर्भाची काळी माती बेसॉल्ट खडकाची, तिच्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. नाल्याच्या रेतीत लोहचुंबक फिरवला की पोरांच्या हाती जी काळी भुकटी लागते तीच. डॅशबोर्डमधून शिरलेल्या धुळीतले हे कण मीटरच्या चुंबकाला मिशांसारखे चिकटतात आणि वाटीला घासतात. फुंकून ते जात नाहीत. चिकटपट्टीची पातळ पट्टी फटीत सरकवून, टेकवून उचला. तेल असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने, वाटीला धक्का न लावता पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

याच्या पलीकडचं काम मीटर दुरुस्तीवाल्याचं: हेअरस्प्रिंग वाकणं, चुंबक कमजोर होणं, आकड्यांची चाकं तडकणं. कमजोर चुंबकाला पुन्हा चुंबकत्व देता येतं, त्याचं यंत्र त्यांच्याकडे असतं. मीटर देताना डायलचा आणि आकड्यांचा फोटो काढून ठेवा. लष्करी लिलावातून आलेली फार जुनी जीप असेल तर आणखी एक काळजी घ्या. अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायलच्या रंगात रेडियम असू शकतं. चमक केव्हाच गेलेली असते, किरणोत्सार गेलेला नसतो. ती डायल खरवडू नका, तिच्यावर फुंकर घालू नका, घरी उघडूच नका.

सगळं चालतंय, पण वेग चुकतोय

ॲम्बॅसॅडरचं मूळ टायर ५.९०-१५, पद्मिनीचं ५.२०-१४, जुन्या जीपचं ६.००-१६. आता मिळतील ते रेडियल टाकलेले असतात, आणि जीपवाल्यांना तर मोठ्या टायरचा भारी शौक. टायरचा घेर ५ टक्के वाढला तर मीटर ६० दाखवत असताना गाडी ६३ ने पळते. आकडेही तेवढेच कमी पडतात.

खात्री करायला आधी हे करा. मागच्या टायरला खडूने खूण करा, केबल वरून सोडवून झेंडा लावा आणि चाकाच्या दहा फेऱ्या होईपर्यंत गाडी ढकला. चाकात हवा नेहमीइतकीच असावी. किती मीटर गेली ते टेपने मोजा आणि झेंड्याचे फेरे मोजा. समजा गाडी २०.८ मीटर गेली आणि केबल १३ फेरे फिरली. १३ भागिले २०.८ म्हणजे एक मीटर अंतराला ०.६२५ फेरे, किलोमीटरला ६२५. डायलवर मैलाला १००० लिहिलं असेल तर किलोमीटरला साधारण ६२१ होतात, म्हणजे जोडी बरोबर आहे. यात मोठी तफावत आली तर कधी तरी पिनियन किंवा मीटर दुसऱ्या गाडीचं बसवलं गेलंय. ही चाचणी एकच चाक उचलून हाताने फिरवून करू नका. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असलं की दोन चाकांत फिरणं वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक दुप्पट फिरतं आणि हिशोब बिघडतो.

रस्त्यावरची तपासणी किलोमीटरच्या दगडांवर होते. आम्ही आर्वीकडचे लोक तळेगाव श्यामजीपंत ते कारंजा घाडगे हा राष्ट्रीय महामार्गाचा पट्टा धरतो. तुमच्याकडे सरळ, दगड शाबूत असलेला कुठलाही रस्ता घ्या. काटा एका आकड्यावर स्थिर ठेवा आणि एका दगडापासून दुसऱ्यापर्यंतचे सेकंद शेजारच्याला मोजायला सांगा. ३६०० भागिले सेकंद म्हणजे खरा वेग: ६० सेकंद लागले तर ६०, ७२ लागले तर ५०, ९० लागले तर ४०. मधले २०० मीटरचे छोटे दगडही मोजायला उपयोगी पडतात. मोबाईलचं जीपीएस यापेक्षा सोपं, फक्त फोन चालवणाऱ्याच्या हातात नको. तपासणी सकाळी करा. भर उन्हात तापलेला चुंबक आणि वाटी दोन्ही थोडं कमी दाखवतात.

चूक थोडी आणि ठराविक असेल, मीटर खऱ्यापेक्षा जरा जास्त दाखवत असेल, तर मी ते तसंच ठेवीन. कमी दाखवत असेल तर टायर मूळ मापाचे घ्या किंवा योग्य दात्यांचं पिनियन शोधा. स्प्रिंगला हात लावून काटा जुळवून आणणारे मेकॅनिक भेटतात, पण त्याने आकड्यांची चूक तशीच राहते. चालू स्पीडोमीटर ही नुसती हौसेची गोष्टही नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या ११७ व्या नियमानुसार ते गाडीत असावंच लागतं, आणि पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणीला गाडी नेली की साहेबांची नजर काट्यावर जाऊ शकते.

मीटर बदललंच तर जुन्या मीटरवरचा शेवटचा आकडा आणि तारीख गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवा, म्हणजे उद्या विकताना घेणाऱ्याला खरं सांगता येईल. नवी केबल बसवल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर दोन्ही टोकांचे नट हाताने चाचपून बघा आणि खाली गिअरबॉक्सपाशी तेल झिरपतंय का तेही पाहा. पावसाळा संपून रस्ते सुकले की वर्षातून एकदा इनर बाहेर काढून पुसायची आणि हलकं ग्रीस लावून परत घालायची.